वार्धक्याची अमानत आणि हिशेबाचा मास्तर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'दहावी-बारावीनंतर पुढे काय?' या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली. या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टर, इंजिनिअर आणि मोठे सरकारी अधिकारी यांचे आदर्श आपल्यापुढे ठेवले जातात. ते योग्यच आहे. मी मात्र आज एका हिशेब शिकवणाऱ्या मास्तरांची हकिकत सांगणार आहे. मी स्वतः इतिहासाचा शिक्षक. जमाखर्चाचे शास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. तेव्हा वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात, अशी प्रारंभीच विनंती करतो.

या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती कारणाने. ते आधी सांगितले पाहिजे.

माझे अब्बा एका लहानशा कारखान्यात २६ वर्षे कामाला होते. महिन्याच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम कापली जाई आणि पगाराच्या चिठ्ठीवर तशी नोंद असे. त्या चिठ्ठ्या अम्मी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी. मी बी.एड. करीत असताना अब्बा निवृत्त झाले. अर्ज घेऊन आम्ही दोघे फंडाच्या कचेरीत गेलो. तेथील एका वयस्क कारकुनाने खाते पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चाचा, शेवटच्या चार वर्षांचे पैसे कारखान्याने भरलेलेच नाहीत." पैसे कापले गेले होते, ते भरलेच गेले नव्हते. अब्बा बराच वेळ गप्प बसले. घरी परतताना एवढेच म्हणाले, "शेठ तसा बेईमान नाही रे. विसरला असेल."

तोपर्यंत कारखाना बंद झाला होता. पुढे अर्जविनंत्या करून काही रक्कम मिळाली, काही आजतागायत मिळालेली नाही. पण माझ्या मनाला जो प्रश्न लागला तो पैशांचा नव्हता. चार वर्षे त्या कारखान्याचे हिशेब लिहिले जात होते आणि कोणीतरी त्यांवर सहीही करीत होते. मग ही गोष्ट कोणाच्याच नजरेस कशी आली नाही? मला वाटले, ही आपल्याकडच्या लहान कारखान्यांतलीच गफलत असेल. विलायतेत असे होत नसेल. या शंकेपोटी मी वाचू लागलो आणि वाचता वाचता प्राध्यापक प्रेम सिक्का यांच्या नावाशी येऊन पोहोचलो.

प्रेम नाथ सिक्का यांचा जन्म १९५१ साली भारतात झाला. १९६६ साली, म्हणजे आपल्या दहावीच्या मुलाच्या वयात, ते ब्रिटनमध्ये गेले. १९७७ साली ते तेथील सनदी हिशेबनीस झाले. आपल्याकडचा बहुतेक माणूस येथे थांबला असता. हाती सनद आली, आता कमाई करावी, घर बांधावे. सिक्का थांबले नाहीत. १९८२ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. केली आणि १९९१ साली शेफील्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थी मित्रांनो, याच्या पुढची गोष्ट नीट ऐका. डॉक्टरेट झाल्यावर चार वर्षांनी, १९९५ साली, त्यांनी मुक्त विद्यापीठातून सामाजिक शास्त्रे या विषयांत बी.ए. केले! आपण बी.ए. ही पहिली पायरी मानतो. या गृहस्थांना डॉक्टर झाल्यावरही वाटले की आकड्यांच्या मागे जो समाज उभा आहे तो समजल्याशिवाय आकडे समजत नाहीत. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या शिक्षकाला या गोष्टीने किती धीर आला असेल, याची कल्पना आपण करू शकता.

पुढे अनेक वर्षे ते एसेक्स विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते, नंतर शेफील्ड येथेही प्राध्यापक झाले. शिकवणे हा त्यांचा पेशा. पण विद्वानांपुरते लिहून ते स्वस्थ बसले नाहीत. ऑस्टिन मिचेल या खासदारांच्या साथीने त्यांनी एक संस्था काढून साध्या भाषेतील पुस्तिका प्रसिद्ध केल्या. वर्तमानपत्रांतून सामान्य वाचकांसाठी सातत्याने लेख लिहिले. पेन्शन हा काही त्यांच्या संशोधनाचा एकमेव विषय नव्हे. हिशेबतपासनीस, दिवाळखोरी आणि कर चुकवण्याच्या युक्त्या यांवरही त्यांनी विपुल लिहिले. परंतु हे सारे धागे शेवटी एका ठिकाणी येऊन मिळतात: कष्टकऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या हाती ठेवलेल्या पैशावर पहारा कोण देतो?

१९९८ साली सिक्का व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय मी माझ्या शब्दांत सांगतो. कंपनीच्या हिशेबावर तपासनिसाची सही दिसली की लोक समजतात, सारे ठीक आहे, चोरी असती तर सापडली असती. उलट तपासनीस म्हणतो, चोरी शोधणे हे माझे मुख्य काम नव्हे. हिशेब नियमांप्रमाणे मांडला आहे की नाही, एवढेच मी पाहतो. लोकांची अपेक्षा एक आणि तपासनिसाची जबाबदारी दुसरी. या दोहोंमध्ये जी दरी राहते तिच्यात सामान्य माणूस पडतो. अब्बांच्या त्या चार वर्षांचे कोडे मला येथे थोडेसे उलगडले.

ज्या वर्षी सिक्का यांना डॉक्टरेट मिळाली, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये या दरीचे भयंकर रूप दिसले. रॉबर्ट मॅक्सवेल हे तेथील एक बडे वृत्तपत्रमालक. ५ नोव्हेंबर १९९१ रोजी समुद्रात, आपल्या नौकेवरून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर उघडकीस आले की, त्यांच्या कंपन्यांतील कामगारांच्या पेन्शन फंडातून ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम धंदा तगवण्यासाठी काढून घेतली गेली होती. हजारो छापखाना-कामगार आणि पेन्शनर हवालदिल झाले. ही रक्कम एका रात्रीत गेली नव्हती, आणि त्या फंडांचे हिशेबही तपासले जात होते.

सरकारने १९९२ साली प्राध्यापक रॉय गुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९३ साली तिचा अहवाल आला आणि १९९५ साली पेन्शनचा नवा कायदा झाला. त्यानुसार १९९७ पासून पेन्शन फंडांवर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था काम करू लागली. पुढे २००४ च्या कायद्याने तिच्या जागी अधिक अधिकार असलेले पेन्शन नियामक मंडळ आले, आणि एप्रिल २००५ पासून पेन्शन संरक्षण निधी सुरू झाला. कंपनी बुडाली तर हा निधी तिच्या पेन्शनरांना सांभाळतो. ज्यांचे निवृत्तीचे वय झाले आहे त्यांना पूर्ण पेन्शन, आणि ज्यांचे व्हायचे आहे त्यांना ९० टक्के, असा त्याचा सर्वसाधारण नियम ठेवण्यात आला. तात्पर्य, आज जो कायदा आपल्याला आयता दिसतो त्याच्या पायाशी कोणाचे तरी बुडालेले पैसे आणि कोणाचा तरी अभ्यास असतो.

आता थोडे गणित. पालकांनी घाबरू नये. आठवीच्या मुलाला समजेल एवढेच आहे.

कंपनीने एका कामगाराला वचन दिले की, २० वर्षांनी तुला १ लाख रुपये देईन. त्यासाठी तिने आज किती बाजूला ठेवावे? ठेवीवर दरसाल ५ टक्के चक्रवाढ व्याज मिळेल असे धरले, तर सुमारे ३७,७०० रुपये ठेवावे लागतील. ७ टक्के मिळेल असे धरले, तर सुमारे २५,८०० रुपये पुरतात. वचन तेच, कामगार तोच, वर्षेही तीच. केवळ दर दोन टक्क्यांनी वाढवून धरला की, कागदावरील देणे जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होते! हा दर कोणी ठरवायचा, माणूस किती वर्षे जगेल हे किती धरायचे, आणि कमी पडणारी रक्कम ताळेबंदात कोठे दाखवायची, या प्रश्नांवर हिशेबशास्त्राच्या पंडितांनी आपली उभी हयात घालवली आहे. पूर्वी ही तूट ताळेबंदात स्पष्ट दिसत नसे. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटनच्या हिशेब मानक मंडळाने नवा दंडक केला की, फंडातील तूट कंपनीने उघडपणे दाखवली पाहिजे.

याचा एक परिणाम चांगला झाला. खरे चित्र पुढे आले. दुसरा परिणाम कडू झाला. तूट डोळ्यांपुढे येताच अनेक कंपन्यांनी नव्या कामगारांसाठी अशा योजनांची दारे बंद केली. आयुर्मान वाढले होते, व्याजाचे दर उतरले होते, ही कारणेही होतीच. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हिशेबाची पद्धत बदलली की माणसांचे आयुष्य बदलते. जमाखर्च हे निर्जीव शास्त्र आहे असे जे म्हणतात त्यांनी या कामगारांना विचारावे.

कायदे झाले, नियामक आले, म्हणून संकट टळले काय? नाही. ब्रिटिश होम स्टोअर्स हे १९२८ साली निघालेले नामांकित दुकान. शहरोशहरी त्याच्या शाखा होत्या. मार्च २०१५ मध्ये त्याच्या मालकांनी ते अवघ्या एका पौंडाला विकले. एप्रिल २०१६ मध्ये ते कोसळले. ११ हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि पेन्शन फंडात ५७ कोटी १० लाख पौंडांची तूट निघाली. सुमारे २० हजार लोकांचे वार्धक्य त्या फंडावर अवलंबून होते. ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी चौकशी केली, वर्तमानपत्रांनी पाठ सोडली नाही. तेव्हा फेब्रुवारी २०१७ मध्ये जुन्या मालकांनी ३६ कोटी ३० लाख पौंडांपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले.

त्यानंतर १५ जानेवारी २०१८ रोजी कॅरिलियन ही बांधकाम कंपनी बुडाली. रुग्णालये बांधणारी, शाळांची देखभाल करणारी ही प्रचंड कंपनी. बुडाली तेव्हा तिचे देणे सुमारे ७०० कोटी पौंड होते आणि हाती रोकड होती २ कोटी ९० लाख. तिच्या पेन्शन योजनांत सुमारे २७ हजार लोक होते. वर्षभराच्या आत तिच्या हिशेबांवर तपासनिसांची सही झालेली होती. भागधारकांना लाभांश वाटला जात होता आणि पेन्शनची तूट मात्र पुढे ढकलली जात होती. संसदेच्या दोन समित्यांनी मिळून चौकशी केली आणि मे २०१८ मध्ये कठोर शब्दांत अहवाल दिला. या चौकशीत समितीला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांत प्रा. सिक्का होते. वर्गात जो विषय त्यांनी वर्षानुवर्षे शिकवला तो असा हजारो घरांच्या उपयोगी आला.

सिक्का यांनी एक मागणी वारंवार मांडली आहे. कंपनी बुडते तेव्हा उरलेल्या मालमत्तेवर पहिला हात तारण घेतलेल्या बँकांचा पडतो. पेन्शन फंडाचा क्रम त्यांच्या मागे लागतो. ते विचारतात, बँकेने जोखीम ओळखून, व्याज लावून कर्ज दिलेले असते. कामगाराने तर आपले आयुष्य दिलेले असते. मग पंगतीत त्याचे पान शेवटी का? यावर दुसरी बाजूही आहे. पेन्शनला पहिला मान दिला तर बँका कर्ज महाग करतील आणि अडचणीतील कंपन्या अधिक लवकर बुडतील, असे काही जाणकार म्हणतात. सिक्का यांच्या सर्व मतांशी आपण सहमत व्हावे, असा माझा आग्रह नाही. ते परखड लिहितात, त्यांचे विरोधकही पुष्कळ आहेत. पण एक प्रश्न त्यांनी झाकू दिला नाही, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल.

त्यांच्या चिकाटीचा एक दाखला देऊन ही हकिकत पुरी करतो. १९९१ च्या जुलैमध्ये बी.सी.सी.आय. ही बँक बंद पाडण्यात आली. तिच्या ठेवीदारांत आपल्या उपखंडातून ब्रिटनमध्ये गेलेले पुष्कळ लहान व्यापारी होते. त्या बँकेविषयीच्या एका गुप्त अहवालाचा संपूर्ण मजकूर सरकार देईना. सिक्का यांनी माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला. नकार आला. ते न्यायाधिकरणाकडे गेले. पाच वर्षांहून अधिक काळ हा झगडा चालला आणि २०११ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका मास्तराने सरकारी तिजोरीच्या खात्याशी कागदासाठी केलेला हा झगडा होता. २०२० साली हेच मास्तर ब्रिटनच्या उमराव सभेचे सभासद झाले. १५ वर्षांचा एक मुलगा परक्या देशात जातो आणि हिशेबाच्या वहीच्या बळावर त्या देशाच्या संसदेत पोहोचतो, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

बंधु-भगिनींनो, ही विलायतेची गोष्ट मी आपल्याला का सांगितली? कारण हाच प्रश्न आपल्या घरात आहे. आपल्या देशात १९५२ च्या कायद्याने कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड आला आणि १९९५ साली त्याला पेन्शन योजना जोडली गेली. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. आमच्या शिक्षकांचेच पाहा. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेल्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना किती पेन्शन मिळेल याचे वचन होते. त्यानंतर आलेल्या माझ्यासारख्यांसाठी नवी योजना आली. तिच्यात किती कापायचे हे ठरलेले, किती मिळणार हे बाजारावर सोडलेले. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नावर संप केला. योजनेत फेरफारही झाले. कोणती पद्धत बरी, हा वाद आज मी उकरणार नाही. एवढेच म्हणतो की, ज्या कागदावर आपले म्हातारपण लिहिलेले आहे तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

आपल्या समाजात अमानत या शब्दाला मोठे वजन आहे. शेजाऱ्याने हज्जला जाताना ठेवायला दिलेला दागिना आपण रात्री उशाशी घेऊन झोपतो. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा ही तशीच अमानत आहे. फरक एवढाच की, ती मोजायला आणि तिच्यावर नजर ठेवायला हिशेब यावा लागतो. नुसती नियत चांगली असून भागत नाही.

म्हणून पालकांना माझी पहिली विनंती. आपल्या घरात जो कोणी नोकरीला आहे, मग ती कारखान्यात असो, दुकानात असो की इस्पितळात, त्याच्या फंडाचा १२ अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवा. आता मोबाईलवर पासबुक पाहता येते. दर तीन महिन्यांनी आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते वाचून दाखवायला सांगा. पगाराच्या चिठ्ठीवरील कापलेली रक्कम आणि पासबुकात भरलेली रक्कम जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर लगेच विचारा. निवृत्तीची वाट पाहू नका. माझ्या अब्बांनी २६ वर्षे विश्वास ठेवला. विश्वास ठेवणे हा दोष नव्हे. पण महिन्याकाठी पाच मिनिटे कोणी आकडे जुळवून पाहिले असते, तर चार वर्षांऐवजी चार महिन्यांतच ती गोष्ट कळली असती. आणि ते काम करण्याइतका शिकलेला माणूस घरात होता. तो मीच होतो. मला ते सुचले नाही, ही खंत मला आजही आहे.

दुसरी विनंती मुलांच्या शाखेविषयी. सायन्सला गुण कमी पडले म्हणून कॉमर्स, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. मुलगा कॉमर्सला गेला हे काही आया शेजारणीला हळू आवाजात सांगतात! ज्या विद्येने हजारो म्हाताऱ्यांच्या भाकरीचा न्याय होतो ती विद्या उरलीसुरली कशी? तिला हुशार मुले हवी आहेत. आणि हुशार मुली तर हव्याच आहेत. घराचा जमाखर्च पै-पैशाने जुळवणाऱ्या आयांच्या त्या लेकी आहेत. ज्याला सी.ए. व्हायचे आहे त्याने जरूर व्हावे. पण दहातल्या एकाने तरी पुढे एम.कॉम., पीएच.डी. करून प्राध्यापक व्हावे, संशोधन करावे. सही करणारे पुष्कळ निघतात. सहीचा अर्थ काय, असे विचारणारे थोडे असतात, आणि समाजाचे भले त्या थोड्यांवर अवलंबून असते.

विद्यार्थी मित्रांनो, अम्मीच्या त्या पत्र्याच्या डब्यातील चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. वर्षातून एकदा मी त्या वर्गात नेतो आणि मुलांकडून चार वर्षांची बेरीज करवून घेतो. गेल्या वर्षी एका मुलीने बेरीज पुरी करून हात वर केला आणि म्हणाली, "सर, यात व्याज धरायचे राहिले." ती बरोबर होती. आम्ही सर्वांनी नुसती मुद्दल मोजली होती. त्या मुलीने यंदा कॉमर्सला प्रवेश घेतला आहे. ती या सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही, नाहीतर ती लाजेल. तिच्या आई-वडिलांना मात्र मी या व्यासपीठावरून मुबारकबाद देतो.